दहावा कुठे गेला

“कारकून वाचतोय म्हणून कुणी झोपायचं नाही,” मी आधीच बजावलं. पाळकसाहेबांचा घसा बसला होता, म्हणून आमच्या मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात सकाळच्या प्रार्थनेचं वाचन माझ्या गळ्यात पडलं. मी नारायण पेठेतला, घरी सत्यनारायण घालणारा. पण तेवीस वर्षं ऐकून ऐकून येशूच्या गोष्टी पाठ झालेल्या.

आजची गोष्ट दहा कुष्ठरोग्यांची. येशूने दहाही जणांना बरं केलं. आभार मानायला परत आला एकटा, तोही ज्याच्या हातचं पाणी कुणी पीत नसे असा परका. “बाकीचे नऊ कृतघ्न!” मी ठासून सांगितलं. “आणि हे बघा आपलं उदाहरण. मालनबाई कालच बऱ्या होऊन घरी गेल्या, आज आभार मानायला हजर!”

मालनबाई मागच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. सगळे पांगल्यावर जवळ आल्या.

“माधवसाहेब, मी आभाराला न्हाई आले. माझी खाट रिकामी हाय का?”

“अहो, खाट आजाऱ्याला मिळते. तुम्ही बऱ्या झालात.”

“व्हय, बरी झाल्याचा कागद दावला की पोराला. संपत म्हनला, आई, राजनंदिनीला बघाया पाव्हणं येनार हायती, तुझी बोटं दिसतील. लगीन होऊ दे, मग ये. बिबवेवाडीला त्याच्या जिन्यातच निजले रातभर.” मग नातीला बोल लागू नये म्हणून घाईने म्हणाल्या, “पोरगी लई गुणाची हाय वो.”

नियम म्हणजे नियम, हे माझं ठेवणीतलं वाक्य तोंडात आलं आणि तिथेच अडकलं.

“साहेब, त्या नवांस्नी घरच्यांनी आत घेतलं आसंल. त्ये कशाला माघारी येतील? ह्या परक्याला कोन घेतंय? त्यो येनारच की.”

तेवीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. बाई आपलं दुःख गोष्टीत घालतायत, की गोष्टच आम्ही उलटी वाचत आलो? मला काही कळेना, आणि कळेना म्हणून रागही आला. नऊ जणांना कृतघ्न म्हणताना माझा आवाज केवढा चढला होता!

“मग येशूबाबानं त्याला ठिवून घेतलं का?”

“नाही. ऊठ आणि जा म्हणाला. तुझ्या श्रद्धेनंच तू बरा झालास म्हणाला.”

“जा म्हनला? आन् मग त्यो गेला कुठं?”

मी घाईघाईने पान उलटलं. पुढे भलतंच प्रकरण सुरू होतं.

“लिहिलेलं नाही,” मी म्हणालो.

मालनबाई पिशवी घेऊन उभ्याच होत्या.