ओतून दिलेलं पाणी

साहेब, माझ्या भावाला तुम्ही फसवलंत. गावानं फसवलं असतं तर मी इतका बोललो नसतो, गावाची आम्हाला सवय आहे. पण तुम्ही सरकारची जीप घेऊन आलात, गळ्यात हार घालून घेतलेत आणि चारशे माणसांसमोर त्याला एक खोटी गोष्ट खरी म्हणून शिकवलीत. तो शिकला. आज तो अलिबागच्या तुरुंगात बसलाय तो त्या शिकण्यापायी.

नाव तुम्हाला आठवत नसेल. कोंडाजी. समाज ऐक्य शिबिराच्या शेवटच्या दिवशी ज्याला तुम्ही खुर्चीवर उभं केलंत आणि फोटो काढलात, तो. मी त्याचा थोरला भाऊ, भागोजी.

आमचा गाव रेवदंड्याच्या खाडीपासून फार लांब नाही. किनाऱ्याला कोळीवाडा, वर आगऱ्यांची घरं आणि भाताची खाचरं, आणि खाजणाच्या कडेला, जिथं उधाणाचं पाणी उंबऱ्याला लागतं, तिथं आम्ही. पूर्वी त्याला महारवाडा म्हणायचे. आम्ही बुद्धाची दीक्षा घेतली, तसबिरी बदलल्या, पण उधाणाचं पाणी अजून तिथंच येतं.

पावसाळ्याआधी मासेमारीचे मचवे वाळूवर ओढायचे असले की आमच्या वाडीला बोलावणं येतं. मचव्याला बाहेरून खांदा लावायचा, आत पाय ठेवायचा नाही. बाहेरची फळी समुद्र धुतो म्हणून तिथं आमचा हात चालतो. आतली फळी कोरडी. आत नाळेवर, पुढच्या टोकाला, देव, आत चूल, आत गोड्या पाण्याचं पिंप. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही, पण आमचं तान्हं पोरही ती चुकत नाही.

कोंडाजीला लहानपणापासून आत चढायचं होतं. हौस म्हणून नव्हे. भाताचं काम चार महिने, बाकीचं वर्ष तो खाजणात बिळात हात घालून चिंबोऱ्या धरायचा. बोटं कायम फुटलेली. खलाशाला माशात वाटा मिळतो. मजुरी नव्हे, वाटा. म्हणजे मचव्यावर घेतलेला माणूस तेवढ्यापुरता तरी मचव्याचा धनी असतो. माझ्या भावाला तो वाटा हवा होता. दुसरं काही त्यानं जन्मात मागितलं नाही.

मग तुम्ही आलात. शाळेच्या पटांगणात मांडव, कर्णा, रंगीत तक्ते. एक कोळी, एक आगरी, एक आमच्यातला, असं तुम्ही सगळ्यांना आलटून पालटून बसवलंत. म्हणालात, शेजाऱ्याचं नाव विचारा, त्याची ओळख करून घ्या. जन्मभर एका गावात राहिलेली माणसं आम्ही. माझ्या शेजारी काळूराम आला होता, मचवा चालवणाऱ्या हरेश्वर तांडेलाचा म्हातारा खलाशी.

"काय रं भागोजी," तो म्हणाला, "तुजा नाव काय?"

सगळी रांग हसली. तुम्हीही हसलात. तुम्हाला वाटलं, मनं जुळली.

नंतर पाण्याचा कार्यक्रम. कोंडाजीच्या हाती तांब्या दिलात आणि सगळ्यांना पाणी वाढायला लावलंत. एकेक जण ओंजळ पुढे करत गेला. हरेश्वर तांडेल प्याला, काळूराम प्याला, पाटील प्याला. ज्या माणसांनी माझ्या आईला पाण्यासाठी विहिरीपासून लांब तासन्‌तास ताटकळत ठेवलं, ती सगळी प्याली. राही, माझी भावजय, बायकांच्या बाजूला बसली होती, ती पदर तोंडाशी धरून बघत राहिली. तुम्ही कर्ण्यावरून म्हणालात, आजपासून या गावात पाण्याला शिवाशिव नाही. टाळ्या झाल्या.

पण ते पाणी कुठलं होतं, साहेब? गावाची विहीर पटांगणाच्या मागंच आहे. तुमच्या शिपायानं सकाळी जीपमधून पिंप उतरवलं, ते मी बघितलं. अलिबागहून भरून आणलेलं. विहिरीवर कोंडाजीला न्यायची वेळ आली तर मांडव मोडेल हे तुम्हाला आधीच माहीत होतं. म्हणून तुम्ही पाणी बरोबर आणलंत.

गावालाही ते माहीत होतं. परत जाताना काळूराम खुशीत होता. कुणीतरी त्याला डिवचलं, "काय काळूबाबा, बाटलास ना?"

"सरकारी पान्याला कसला इटाळ?" तो म्हणाला. "बाटला तर अलिबाग बाटला. आपली हीर हाय तशी हाय."

मी कोंडाजीला हे सांगितलं. तो म्हणाला, "पानी पानीच ना, दादा. प्याले ना ते?"

पाण्यानंतर तुम्ही विचारलंत, कोण काय करून दाखवणार? मास्तर उठले, काहीतरी बोलले. मग हरेश्वर तांडेल उठला. "कोंडाजीला मी माज्या मचव्यावर खलाशी घेतो," म्हणाला. त्याच सकाळी तुम्ही मच्छिमार सोसायटीत बसून सांगितलं होतं, की मचव्याला इंजिन मिळायचं तर तुमची शिफारस लागेल. पण हरेश्वर नुसता इंजिनासाठी बोलला असंही मी म्हणणार नाही. तो माणूस वाईट नाही. बोलला तेव्हा त्याला ते खरंच वाटत होतं. तुम्ही कोंडाजीला खुर्चीवर चढवलंत. शेवटी त्याचा हात कर्ण्याच्या तारेत अडकला, लोक पुन्हा हसले.

मचव्यावर जायच्या दिवशी राहीनं भाकऱ्या बांधून दिल्या आणि सुका भोपळा पाण्यानं भरून दिला. हरेश्वरानंच तसं सांगितलं होतं. सध्या आपलं पाणी आपण आण, हळूहळू बघू.

"त्यांच्या पिंपाकडं बघायचं पन न्हाय," राही म्हणाली.

"अगं, तांडेल माज्या हातचा प्याला. तू व्हतीस की तिथं."

"सायबाच्या म्होरं प्याला. समुद्रात साहेब न्हाय."

मी तेव्हा हसलो होतो. ती शाळेत गेलेली नाही, साहेब. तुमचे तक्तेही तिला वाचता आले नव्हते.

पुढचं मला कोंडाजीनं तुरुंगात गजांआडून सांगितलं. पहिला दिवस चांगला गेला. त्याला मागं सुकाणूजवळ बसवलं होतं. वल्ह्याला त्याचे हात कमी पडले नाहीत. काळूराम टोमणे मारत होता, पण खलाशी एकमेकांना मारतात तसेच. "ओ खुर्चीवाले, जाला ओढा, फोटू नंतर काढू." कोंडाजी म्हणाला, दादा, ते ऐकून मला बरं वाटलं. मला नावानं हाक मारली नाही, पण हाक मारली.

दुसऱ्या दिवशी जाळं वर येताना दोर सुटला, लोळत आला आणि भोपळ्यावर आदळला. भोपळा फुटला, पाणी तळाशी गेलं. उन्हाळ्याचे दिवस. दुपारपर्यंत त्याची जीभ टाळ्याला चिकटली. त्यानं मागितलं. "तांडेल, हातावर थोडं पानी घाला." हरेश्वर म्हणाला, "थांब, जाला येऊ दे." जाळं आलं. मग मासळी निवडायची. मग दुसरं जाळं. कुणी नाही म्हणालं नाही, साहेब. नुसते कुणाचे हात मोकळे होईनात.

तेव्हा तो स्वतः उठला. पिंपाजवळ गेला, झाकण काढलं, करवंटी बुडवली आणि प्याला. चोरून नाही, सगळ्यांसमोर. तुमच्या मांडवात ज्यांनी त्याच्या हातचं पाणी घेतलं होतं तेच सगळे बघत होते. त्याला वाटलं, हे आता आपलं ठरलेलंच आहे.

कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. काळूराम उठला, पिंपाखाली खांदा घातला आणि ते आडवं केलं. सगळं गोडं पाणी समुद्रात गेलं. हरेश्वर तांडेल समोरच होता. मचव्यावर तांडेलाच्या शब्दापुढं कुणी जात नाही. तो एक शब्द बोलला असता तर पिंप उभं राहिलं असतं. तो जाळ्याची गाठ सोडत बसला. वारा चांगला होता, सांजेला खाडीत शिरू, घरी जाऊन पिऊ, असा सगळ्यांचा हिशेब.

आणि वारा पडला.

शीड फडक्यासारखं लोंबत राहिलं. ओहोटीनं मचवा आणखी बाहेर नेला. रात्र सरली. उजाडलं तसं ऊन चढलं. वल्ही मारायला अंगात घाम उरला नव्हता. नाळेवर देवापुढं नारळ होता, तो फोडला. त्याचं पाणी सगळ्यांच्या जिभेला लावलं. हरेश्वरानं कोंडाजीलाही दिलं, वरून, तोंडात धार धरून. स्वतःच्या वाट्यातलं दिलं. हे मी मुद्दाम सांगतो, म्हणजे हा माणूस राक्षस होता असं तुम्ही समजू नये. राक्षस असता तर तुमचं काम सोपं होतं.

काळूरामला धीर राहिला नाही. त्यानं समुद्राचं पाणी ओंजळीनं प्यायला सुरुवात केली. धरला तर चावायला धावला. मग बडबडायला लागला. कोंडाजीच्या मांडीवर त्याचं डोकं होतं, कारण बाकीच्यांना उठवत नव्हतं. मरायच्या आधी तो कोंडाजीला म्हणत होता, "पानी घाल रं पोरा, पानी घाल." तेव्हा त्याला विटाळ आठवला नाही, पण द्यायला पाणी नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी वारा सुटला. मचवा किनाऱ्याला लागला तेव्हा सगळा कोळीवाडा वाळूवर होता. काळूरामची बायको चंद्राबाई छाती बडवत पाण्यात शिरली. पिंप रिकामं का, असं फौजदारानं विचारलं. खलाशी एकमेकांकडं बघत राहिले. मेलेल्या माणसाचं नाव कोण घेणार? घेतलं तर अस्पृश्यतेचा कायदा सगळ्या मचव्यावर लागणार, तांडेलावर आधी. एक जण म्हणाला, कोंडाजीच्या हातनं सांडलं. मग सगळे तेच म्हणाले. शेवटी हरेश्वर तांडेल म्हणाला. खाली मान घालून म्हणाला, पण म्हणाला, आणि जबाबावर अंगठा दिला.

निष्काळजीपणानं माणूस मारल्याचा गुन्हा. जामीन राहायला गावातलं कुणी नाही, आमच्यातल्या कुणाच्या नावावर जमीन नाही. राहीला आता सुक्या मासळीच्या वाडीत कुणी कामाला घेत नाही. हरेश्वराची बायको नीराबाई तिला वाटेत भेटली, उभी राहिली, डोळे पुसले आणि पुढे गेली.

मी तुमच्याकडं आलो होतो. तुम्ही खुर्ची दिलीत, चहा दिलात, चांगल्या कपात. सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "भागोजीराव, प्रकरण कोर्टात आहे, मला बोलता येत नाही. शिबिराचा अहवाल वर गेलाय, फार चांगला गेलाय. आता गावचा सलोखा बिघडेल असं काही करू नका." तुमच्या टेबलावर हरिहरेश्वरकडच्या पुढच्या शिबिराची पत्रकं होती. त्यावर खुर्चीवर उभा असलेला माझा भाऊ होता.

मी म्हणालो, निदान एवढं सांगा कोर्टात, की पाण्याला शिवाशिव नाही असं तुम्हीच त्याला सांगितलंत, आणि हरेश्वर त्याच्या हातचं प्याला तेव्हा तुम्ही समोर होता. तुम्ही घड्याळ बघितलंत.

मला खटल्याची आशा नाही. साक्षी सगळ्या एका तोंडाच्या आहेत. मी आता दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितोय. परवा मी तुरुंगात गेलो. तिथं नळ एकच आहे, सगळे त्यालाच तोंड लावतात, कुणी कुणाला काही म्हणत नाही. कोंडाजी वाळलाय. मी त्याला म्हणालो, वकिलाला खरं सांग, पाणी काळूरामनं ओतलं.

तो म्हणाला, "मी गुन्हा कबूल करनार, दादा."

"तू ओतलंस?"

"न्हाय. पन मी प्यालो नसतो तर त्यानं ओतलं नसतं. म्हातारा माज्यामुळं गेला."

मी खूप बोललो. ओरडलो, पहारेकऱ्यानं मला बाहेर काढेपर्यंत बोललो. तो नुसता मान हलवत होता. तहानलेला माणूस पाणी प्याला यात गुन्हा नाही, हे तो माझ्याकडून ऐकायला तयार नाही. मी त्याच्याच वाडीतला, त्याच्याच रक्ताचा, माझ्या शब्दाला वजन काय? त्यानं आयुष्यात एकाच माणसाचा शब्द खरा धरला, आणि ते तुम्ही.

मंगळवारी त्याला कोर्टात उभं करणार आहेत. त्याआधी तुरुंगाच्या दारात या. हार नको, कर्णा नको, फोटोवाला नको. त्याच्यासमोर उभे राहा आणि एवढंच सांगा, की कोंडाजी, तू पाणी प्यालास ते बरोबर केलंस.

येणार की नाही, साहेब?