मागच्या सीटवरचा आत्मा

हे लिहिणार नव्हतो. पण तो माणूस अजून गावोगाव फिरतोय, म्हणून लिहितो.

कोचकोर गावाच्या पुढे सरळ डांबरी रस्ता लागतो. त्या दिवशी त्याच्या कडेला अख्खं गाव उभं होतं, कडेवर पोरं घेऊन. मधोमध मेदेरची जुनी गाडी. वडील गेल्यावर त्याच्याकडे आलेली. मेदेरचं लग्न झालं आणि गाडीला रोग जडला. ताशी ऐंशीपर्यंत शहाण्यासारखी चालायची. नव्वद ओलांडले की बुडाखालून घरघर, मग अशी थरथर की दात वाजावेत. चाकं तपासून झाली, टायर बदलून झाले. फरक नाही.

म्हणून शामबेत बक्शीला बोलावलं. बक्शी म्हणजे भूतखेत उतरवणारा. गळ्यात गरुडाची नखं, हातात चाबूक, बरोबर दोन चेले, दोघंही इतके जाडजूड, की दारातून तिरके होऊन आत यावेत. 'आत्म्याच्या डोळ्यात बघतो' म्हणत तो आधी गाडीखाली सरपटला. बाहेर आला तो मेदेरच्या मेलेल्या वडिलांच्या आवाजात कण्हतच.

मग चमत्कार. आधी मेदेर आणि त्याची बायको बेगिमाय पॉपलरच्या झाडांपर्यंत जाऊन आले. गाडी थडथडली. मग बेगिमायला उतरवलं. बक्शी दोन चेल्यांच्या मधे मागे बसला, जुनिपरच्या धुराने काचा भरल्या, मेदेरने गाडी शंभरावर नेली. लोण्यासारखी गेली. बायका रडायला लागल्या.

"म्हातारा माझ्या मांडीवर शांत निजला होता," बक्शी म्हणाला. "सून गाडीत बसली की उठतो. तिचा पाय त्याला सोसत नाही. थोडे दिवस तिला माझ्याकडे ठेवा. मी धुऊन काढतो."

बोलताना त्याची नजर तिच्या गळ्यावरून खाली घसरली. सगळ्यांना दिसली. सासू तुर्सुनायने पदर घ्यावा तसा रुमाल तोंडाशी घेतला, पण नको म्हणाली नाही. मेदेर खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत होता. बेगिमायला बक्शीपेक्षा त्या बुटांची जास्त किळस आली.

ती शाळेत गणित शिकवते. रडली नाही. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"परवा बाजारातून येताना गाडी हलली होती का?"

"नाही."

"मी होते ना गाडीत?"

"होतीस. पुढे."

"आणि मागे कोण होतं?"

"मेंढे."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. बक्शीने चाबूक आपटला. जनावर निष्पाप असतं, आत्मा त्याचा मान राखतो, वगैरे. मग बघूच की, असं बेगिमाय म्हणाली. शेजारच्या म्हाताऱ्या साग्यिन आजोबांचा कळप तिथेच चरत होता. त्यांनी स्वतः तीन लठ्ठ मेंढे मागच्या सीटवर कोंबले. बेगिमाय पुढे बसली. शंभर. गाडी गप्प. मेंढे उतरवले, थरथर सुरू. पिठाची पोती ठेवली, गप्प.

"पोतंसुद्धा सिद्धपुरुष निघालं की," साग्यिन आजोबा म्हणाले. "आणि बक्शी, तू तर ट्रक चालवायचास ना रे? ठाऊक असेल तुला, काय आहे ते."

बक्शी चाबूक गुंडाळायला लागला.

बेगिमायने मेदेरला एवढंच विचारलं, की लग्नाआधी गाडीला काय केलं होतंस. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. लग्नाच्या मेंढ्या वाहायच्या होत्या. भरलेली गाडी खडकांवर घासू नये म्हणून त्याने मागच्या स्प्रिंगांखाली जाड रबरी ठोकळे घातले होते. आमच्याकडे सगळेच घालतात. काढायचं मात्र राहून गेलं. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारा लांब दांडा त्यामुळे वाकड्या कोनात फिरत होता, आणि त्याचे सांधे आधीच झिजलेले. हळू चाललं तर कळायचं नाही. वेग वाढला की दांडा फटके मारायचा. मागे वजन बसलं की गाडी खाली दबायची, कोन सरळ व्हायचा, थरथर बंद. वजन मेंढ्यांचं असो की ढोंग्यांचं.

गाडीखाली बक्शीला आत्मा दिसला नव्हता. ते नवे ठोकळे दिसले होते. आणि त्यांच्या जिवावर तो एक बाई घरी न्यायला निघाला होता.

जॅक लावून ठोकळे तिथेच काढले. मग बेगिमाय एकटी स्टिअरिंगवर बसली आणि रिकामी गाडी शंभरावर नेऊन आणली. काही हललं नाही. ती परतली तोवर बक्शी आणि चेले पसार. तुर्सुनायने धुरीचं भांडं रस्त्यावर पालथं केलं. मेदेर माफी मागत जवळ आला. "आता नाही," ती म्हणाली आणि चालत घरी गेली.

गाडी थरथरली तर खाली वाकून बघा. एक गोष्ट बदला, चालवून बघा, मग दुसरी बदला. एवढी अक्कल प्रत्येकाकडे असते. ती बाजूला ठेवून बाईकडे बोट दाखवलं, की बक्शी खिडकीशी येऊन उभाच.

बेगिमाय आणि मी शाळेत एका बाकावर होतो. काल तिचा फोन आला. खिंडीपलीकडच्या गावात एका घरच्या घोडीचं दूध आटलंय, बक्शी तिथे पोचलाय, आणि त्या घरातही नवी सून आहे. "मी जातेय. पण मी बोलायला लागले की सगळे खाली बघतील," ती म्हणाली. मी तिला शब्द दिला, की येईन, आणि खाली बघणार नाही.