देठापासून बदामापर्यंत

मी भावकूचा मेंदू बोलतोय. अर्धा बरणीत, अर्धा चकत्यांत. बेळगावच्या एका मेडिकल कॉलेजात. नाक दाबून वाचा, औषधाचा वास लई वाईट.

निपाणीला तंबाखूच्या वखारीत भावकूचा जन्म गेला. शाळा दुसरीपर्यंत, भांडणं मात्र वकिलाला लाजवतील अशी. शिव्या मी पुरवल्या, नाव त्याचं झालं. शेवटी मी विरत गेलो, तशी त्याला बायकोही ओळखू येईना. एका सकाळी मात्र त्यानं तिचा पदर मुठीत धरला, हमसून रडला, आणि गेला. जाळण्यात लाकडं नासतात म्हणून देह कॉलेजला द्यायचं त्यानंच आधी ठरवलेलं.

आणि इथं ही शिकलेली माणसं! अदिती डॉक्टरीण मला काकडीसारखी चिरते. माझ्या बुडाशी जो देठ आहे, त्यात म्हणे निळसर ठिपका आहे. तिथले धागे आठवणीच्या जागेकडं जातात, आणि रागालोभाच्या जागेकडं. त्या जागेला हे बदाम म्हणतात. भावकूनं जन्मभर शेंगदाणे खाल्ले, आणि माझ्यात बदाम!

यंदा पितरपाठात मालुबाई म्हाळाचं ताट घेऊन आली. राख नाही, मसणवट नाही. नवऱ्याचा पत्ता म्हणजे ही बरणी.

"डॉक्टरीणबाई, त्यो रडला, तवा मला वळखून रडला का?"

अदितीनं रंगीत नकाशा दाखवला. "आक्का, आठवणीकडचे धागे बरेच झडलेत. बदामाकडचे त्यामानानं शाबूत आहेत."

"मंजे माया हुती, वळख न्हवती?"

"ते धाग्यांवरून नाही सांगता येत."

"मग चिरलंसा कशाला एवढं?"

वा मालू! सगळ्या संसारात पहिल्यांदा तिचं मला पटलं.

ताट खिडकीबाहेर ठेवलं. कावळा कठड्यावर बसला, पण शिवेना. मोठे डॉक्टर श्रीपाद एरवी असल्या गोष्टींना हसतात. तेच हळूच हात जोडून पुटपुटले, "भावकू, तुमचं दान वाया घालवणार नाही." कावळ्यानं पाठ फिरवली.

त्यांना बाजूला सारून मालू पुढं झाली. "मेल्या, जित्तेपणी ताट ढकललंस, आता तरी खा. वळखलंस का म्हणून न्हाय इचारत मी परत. जा."

कावळ्यानं वडा उचलला.

"वळखलं बघा! वळखलं!" रडत-हसत ती गेली.

खुळी कुठली. श्रीपाद डॉक्टर बाजूला सरकले म्हणून कावळा आला, भुकेला होता. मी काही केलं नाही. त्या सकाळचं मलाही ठाऊक नाही. तो धागा असलाच तर कुठल्यातरी चकतीत गेला.

पण तुमच्यापैकी कुणी निपाणीला गेलात, तर शहाणपणा पाजळू नका. मालूला यातलं काही सांगायचं नाही.