मवाळ माणसाची भीती

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, अगदी गरीब गाय. असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. ज्या माणसाला वीस वर्षांत मी एकदाही चिडलेलं पाहिलं नाही, त्यानं तो राग साठवलाय तरी कुठं, हे कुणीतरी विचारायला नको?

पडदे शिवण्याच्या कारखान्यात मी मुख्य कटर होते. खिडकीजवळचं लांब टेबल माझं, आणि त्यावर येणाऱ्या प्रत्येक कापडावर पहिला खडू माझा. ते टेबल मिळवायला माझी बावीस वर्षं गेली. भाऊजींचं काम सुटलं तेव्हा मालकीणबाईंच्या हातापाया पडून मीच त्यांना आत घेतलं आणि आठवड्याभरात पस्तावले. माणूस कात्री अशी चालवायचा की कापडाला कळायचंसुद्धा नाही. एवढा हात ज्याला आहे, तो माझ्या हाताखाली मुकाट का राहील? मी खेकसले की "बरं, वहिनी." कुणी स्टूल पळवलं की उभ्यानं काम. कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्यात एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी सौम्यतेवर उपदेश केला. प्रभू येशू कसा सौम्य होता, शेवटी सगळी पृथ्वी कशी सौम्य माणसांनाच मिळणार आहे. मी बाकावरून भाऊजींकडे बघत होते. डोळे मिटून ऐकत होते. मांजरही डोळे मिटूनच दूध पितं! बाहेर पडताना मी पाळकसाहेबांना दारातच गाठलं.

"सौम्य म्हणजे नक्की कोण हो? ज्याला दात नाहीत तो?"

"दातच नसतील तर न चावण्यात काय मोठेपण?" ते हसून म्हणाले.

"म्हणजे असतात दात?"

"असतात की, बाई."

मला हवं ते मिळालं. मी सोमवारपासून भाऊजींचे दात शोधायला लागले. कुणाशी बोलतात, मालकीणबाईंच्या खोलीपुढून जाताना पाय हळू पडतो का, माझ्या टेबलाकडे किती वेळा बघतात. बरेच वेळा बघायचे. मी मोजलं होतं.

मग नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलं. लाल मखमल, दोन भाग, दोन तागे. मखमलीला लव असते. एका बाजूनं हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत. लव खाली असली की रंग उजळ दिसतो, वर असली की गडद. म्हणून आमच्याकडे रीत आहे : तागा उलगडला की मुख्य कटरनं हात फिरवून बघायचं आणि पाठीमागच्या बाजूला खडूनं लवेच्या दिशेचा बाण काढायचा. त्या बाणाला मग कुणी प्रश्न विचारत नाही.

पहिल्या ताग्यावर मी हात फिरवला. दुसरा उलगडला तेव्हा भाऊजी मालकीणबाईंशी काहीतरी बोलत उभे होते. माझा एक डोळा तिकडे. मी हात न फिरवताच, पहिल्यासारखा बाण ओढला.

भाऊजी टेबलापाशी आले, कापडावरून पालथा हात नेला. "वहिनी, एकदा बघता का?"

"तुम्ही कात्री चालवा. अक्कल माझी मला पुरते."

"बरं, वहिनी." आणि त्यांनी कापलं.

चौथ्या दिवशी दोन्ही भाग शेजारी शेजारी टांगले. एक भाग गडद आणि दुसरा धुवून विटल्यासारखा. माझ्या पायाखालची वाळू सरकली. तो दुसरा तागा उलटा गुंडाळलेला होता, आणि ते मला आत्ता कळत होतं. मालकीणबाई मात्र सरळ इस्त्रीवाल्या मावशींवर तुटून पडल्या. "वाफ जास्त मारलीस! लव झोपवलीस सगळी! उद्यापासून येऊ नकोस."

मावशी रडायला लागल्या. मी अळीमिळी गुपचिळी.

"इस्त्रीचा दोष नाही," भाऊजी म्हणाले. आवाज नेहमीचाच, पण ते मावशींच्या आणि मालकीणबाईंच्या मध्ये येऊन उभे राहिले होते. "बाण उलटा आहे. मला कापण्याआधी दिसलं होतं. एकदा बोललो, दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं. तेवढी चूक माझी."

"बाण काढला कुणी?"

"ज्यानं काढला तो सांगेल."

"नाव सांगा, नाहीतर तुम्हीही चालते व्हा."

"बरं," भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी खुंटीवरचा कोट काढला.

आता बघतील माझ्याकडे, मला वाटलं. नुसतं एकदा बघतील आणि काम भागेल. ते बाह्या घालत होते. एक, मग दुसरी. बघितलं नाही. गुंड्या लावून दारापाशी गेले, तरी बघितलं नाही.

"बाण माझा," मी म्हणाले. कसं म्हणाले कोण जाणे.

मावशी राहिल्या. मालकीणबाईंनी माझं टेबल भाऊजींना दिलं आणि मला त्यांच्या हाताखाली. भाऊजी चारचौघांत निदान दोनदा नको म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "हो, घेतो."

कापडाच्या खोलीत मी त्यांना गाठलं. "मिळालं ना शेवटी? पहिल्या दिवसापासून डोळा होता तुमचा त्या टेबलावर!"

"होता, वहिनी," भाऊजी म्हणाले. "रोज होता."

मी हातातला खडू फळीवर ठेवला.

"म्हणून तर नाव घेता येईना. घेतलं असतं तरी खरंच बोललो असतो, पण बोलली असती ती माझी हाव. सकाळी निघताना तिला आवरून धरतो, घरी जाईपर्यंत सोडत नाही. तुम्ही ओरडता तेव्हा जास्तच घट्ट धरावं लागतं." ते खाली बसले. "दमतो हो मी."

माझा संशय अक्षरन् अक्षर खरा निघाला होता, आणि त्या माणसापुढं मान वर करायची मला लाज वाटत होती.