तेलात भिजवलेला कापूस

चौऱ्याऐंशी सालचा पाऊस ओसरला आणि मिऱ्यावरच्या आनंदा आप्पांनी अंगणातल्या अँबॅसडरवरचे नारळाचे झाप उतरवले. गाडी त्यांच्या मुलाची, रघूची. रत्नागिरीत तो ती टॅक्सी म्हणून चालवायचा. पावसाच्या तोंडाशी त्याला कावीळ झाली, आणि धडधाकट माणूस बघता बघता हातचा गेला. तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती.

आज ती सुरू व्हायलाच हवी होती. रघूची बायको कमळा संध्याकाळच्या एसटीने मुंबईला निघणार होती. तिला न्यायला आलेला भाऊ, हरिश्चंद्र, ओटीवर बसून सारखा घड्याळाकडे बघत होता. त्याने तिच्यासाठी परळच्या एका बालवाडीत काम बघून ठेवलं होतं.

आप्पांचं म्हणणं सरळ होतं. "गाडी लागली की शेजारचा बाबल्या चालवील. घर चालेल. मग तुला भावाच्या दारात जायला नको. थांबशील ना गो?"

कमळाने मान हलवली होती. ती हो म्हणून की नुसतीच, ते तिलाही सांगता आलं नसतं.

राम आळीच्या बाजारातून नवी बॅटरी आणि दोन नव्या वायरी आणल्या होत्या. आप्पांनी बॉनेट उघडलं. जुन्या बॅटरीच्या खुंट्यांवर मोरचुदासारखा निळसर-पांढरा थर चढला होता. खारी हवा वायरीच्या आतपर्यंत शिरून तांबं खाऊन गेली होती. आप्पांनी पाना उचलला.

"आप्पा, आधी बॉडीला गेलेली काळी वायर काढा. नाहीतर पान्यातून ठिणगी उडते. हे तसंच करायचे," कमळा म्हणाली.

"बघ! रघ्या तुला शिकवून गेला. मला मेल्यानं कधी हातपण लावू दिला नाय गाडीला. म्हणायचा, आप्पा, तुमच्या हाताला म्हावऱ्याचा वास."

"येतोच वास," कमळा म्हणाली. दोघंही हसली.

तिने गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून आणला. पाणी ओतलं तसा थर फसफसून उतरला आणि जुनी बॅटरी सुटली. नवी बॅटरी जागेवर बसवताना आप्पांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मदतीला उठलेल्या हरिश्चंद्राला त्यांनी हातानेच थोपवलं. "तुम्ही पाव्हणे. बसा."

मग ते पडवीत गेले आणि नारळाची करवंटी घेऊन आले. करवंटीत मुशी माशाचं तेल होतं, डिंकासारखं दाट, आणि त्यात बुडवलेला कापूस. आप्पांचं सगळं आयुष्य होड्यांवर गेलेलं. फळी फळीला जोडायची तर मधल्या फटीत तेलाचा कापूस ठासायचा, मगच खारं पाणी बाहेर राहतं, हे त्यांना पोरवयापासून पाठ. त्यांनी कापसाची वात वळली, खुंटीभोवती नीट गुंडाळली आणि वरून वायरीची पकड आवळली.

"आता घुसू दे खारी हवा," ते म्हणाले.

कमळा बघतच राहिली. तिथे तेल चालत नाही. रघू दर महिन्याला खुंट्या काचपेपरने घासायचा आणि तिला बोलवून दाखवायचा, "धातूला धातू भिडायला हवा. ग्रीस लावायचं ते सगळं आवळून झाल्यावर, वरून." तिच्या ओठावर शब्द आले होते. पण मनात दुसरंच काहीतरी बोललं: गाडी लागली नाही, तर का जातेस ते तुला सांगावं लागणार नाही.

ती गप्प राहिली.

"बस गो. तूच फिरव चावी."

रघूच्या जागेवर ती आजवर कधी बसली नव्हती. तिने चावी फिरवली. समोरचा लाल दिवा मिणमिणला, कुठेतरी टक् झालं आणि दिवाही विझला. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्.

"नव्या बॅटरीत पण दम नाय?" हरिश्चंद्र उठला. "राहू दे आता, आप्पा. आम्हाला निघायला हवं."

आप्पा बॉनेटपाशी तसेच उभे होते. आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघत होते. "बॅटरी बरी हाय," ते हळूच म्हणाले. "माझा हात लागला ना! पोरगा पण ह्याच हातांनी दवाखान्यात नेलेला."

कमळा गाडीतून उतरली. इतकं खोटं त्यांच्या पदरात टाकून तिला जाता येणार नव्हतं.

"आप्पा, तो कापूस काढा. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. होडीचं काम गाडीला केलंत, एवढंच."

तिने दोन्ही खुंट्या पुसून काचपेपरने लखलखीत केल्या. आप्पांनी पकड पुन्हा आवळली. चावी फिरवताच इंजिन खोकलं, थरथरलं आणि सुरू झालं. मागून काळा धूर निघाला. आप्पा लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. "लागली! बाबल्याला बोलवा! पाव्हणे, तुमची एसटी गेली समजा!"

आता गप्प राहायला कुठे जागा उरली नव्हती.

"आप्पा, मी जाणार आहे."

इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. तिला तेच पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

"अगो, पण गाडी तर..."

"गाडीसाठी नाही. इथं रस्त्यावर कुणाचाही हॉर्न वाजला की मी उठून दारात जाते. रोज. ही गाडी बाबल्या घेऊन येईल, तेव्हा मी काय करू?"

आप्पांनी टाळ्या पिटणारे हात खाली घेतले. "मग ती लावलीस कशाला?"

"तुमच्या हातांत दोष नव्हता म्हणून."

"असता तर बरं होतं गो," ते म्हणाले.

हरिश्चंद्र तिची ट्रंक घेऊन बाहेर आला आणि रिक्षा बघायला रस्त्याकडे वळला. आप्पांनी त्याला हाक मारून थांबवलं. "बाबल्या सोडील स्टँडवर." ट्रंक त्यांनी स्वतः उचलून अँबॅसडरच्या डिकीत ठेवली आणि ते बाबल्याच्या घराकडे चालू लागले. चार पावलं जाऊन मागे वळले.

"बंद नको करू हां," त्यांनी कमळाला बजावलं. "परत लागली नाय, तर मला बरं वाटेल. आणि ते काय चांगलं नाय."