संगिनीचे भोक पडलेला पेटारा

मित्रांनो, मी एक जुना पेटारा आहे. नाक मुरडू नका. आज मला बघाल तर कोंबड्या झाकायची टोपली समजाल, पण एकेकाळी माझा थाट काही वेगळाच होता.

महादेव बुरडाने मला बांबूच्या कामट्यांनी विणले आणि मी थेट दशावतारी मंडळींकडे गेलो. गावोगावच्या जत्रांत देवादिकांची नाटके करणाऱ्या या मंडळींचे मुकुट, लुगडी, तलवारी सारे माझ्या पोटात असे. सगळ्यांत वर गणपतीचा मुखवटा. त्यामुळे माझा मानही मोठा. मला डोक्यावरूनच न्यायचे, आणि पूजा झाल्याशिवाय माझी दोरी सोडायची नाही. ती सोडायचा मानही एकाचाच. आमच्या मंडळीत तो पेडण्याच्या कृष्णनाथाचा होता. तेव्हा त्याला नुकते मिसरूड फुटले होते, पण लुगडे नेसून द्रौपदी झाला की बायकासुद्धा त्याच्याकडे बघत राहत.

त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. तिरंगा नुसता जवळ सापडला तरी माणसाला तुरुंगात टाकत. एकदा जत्रेला येताना कृष्णनाथाने माझ्या तळाशी, लुगड्यांच्या घड्यांत तिरंगा ठेवला. नाक्यावर पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगीज शिपायांनी, आम्हाला अडवले आणि पेटारा उघडायला सांगितले. कृष्णनाथाने हात जोडले, पण जागचा हलला नाही.

"पूजा झाल्याशिवाय पेटारो उघडूचो नाय, साहेब. आमच्यात तसा चलत नाय," तो म्हणाला.

शिपायाने चिडून बंदुकीची संगीन माझ्या कुशीत खुपसली. टोकाला नुसती लुगडी लागली, तिरंगा थोडक्यात बचावला आणि त्यांनी आम्हाला जाऊ दिले. ते भोक अजून माझ्या अंगावर आहे. कोणी बुजवायला आले तर मला मुळीच आवडणार नाही.

जत्रेतले रात्रभराचे नाटक संपले, सकाळी दहीहंडी फोडून दहीकाला झाला. लोक अजून मांडवातच होते. द्रौपदीच्या लुगड्यातच कृष्णनाथाने तिरंगा काढला, पटांगणातल्या काठीला लावला आणि दोरी ओढू लागला. झेंडा अर्ध्यावर गेला आणि शिपाई धावून आले. त्यांनी दोरी कापली आणि त्याला फरफटत नेले. तुरुंगात त्याच्या तळपायांवर इतके मारले की पावले कायमची वाकडी झाली. तरी झेंडा कोणाकडून आणला, हे त्याने सांगितले नाही. पुढे आपले जवान आले. त्यांतल्या काहींनी प्राण दिले आणि गोवा मुक्त झाला. कृष्णनाथ घरी आला तो काठी टेकत. त्यानंतर तो कधी द्रौपदी झाला नाही.

मंडळींनी पत्र्याच्या पेट्या घेतल्या, टेम्पो घेतला. मी कृष्णनाथाच्या घरी माळ्यावर जाऊन पडलो. उंदरांनी माझे काठ कुरतडले. दरवर्षी मुक्तिदिनाला कृष्णनाथाला शाळेत नेत, शाल-नारळ देत, खुर्चीवर बसवत. झेंडा मात्र कोणीतरी पाहुणा फडकवी. कृष्णनाथाने कधी काही मागितले नाही. मला फार राग येई, पण पेटाऱ्याचा राग विचारतो कोण?

यंदा मात्र त्याने निहारला हाक मारली. निहार त्याचा नातू, जवळच्या तुये गावात एका कारखान्यात कामाला आहे.

"माळ्यावरचो पेटारो काढ. औंदा झेंडो माझ्या हातान वर जातलो," कृष्णनाथ म्हणाला. "माझ्यासाठी तो अजून अर्ध्यारच आसा."

निहारने सरपंचबाईंना सांगितले. त्या आनंदाने तयार झाल्या. नवा तिरंगा माझ्या पोटात ठेवला, कृष्णनाथाने पूजा करून स्वतः दोरी बांधली आणि निहारने मला डोक्यावर घेतले.

चूक झाली ती पुढेच. शाळेपाशी लोकांनी मला पाहून हात जोडले, वाट करून दिली आणि थेट झेंड्याच्या उंच चौथऱ्यावर नेऊन ठेवले. हार घातला, उदबत्ती लावली. खरे सांगतो, मी थोडा फुशारलोही. मग पाहिले तर कृष्णनाथ खाली पायऱ्यांशी एकटाच उभा होता. माझा मान राखण्याच्या नादात त्याच्याकडे वळून बघायचे सगळ्यांच्याच ध्यानातून गेले होते. पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचे होते. उशीर नको म्हणून सरपंचबाईंनी माझ्या दोरीला हात घातला.

"थांबा." खालून आवाज आला. नाटकात मांडवाच्या टोकापर्यंत पोचायचा, तोच तो कृष्णनाथाचा आवाज. "पेटारो मीच उघडतलंय. मी येतंय."

सरपंचबाईंचा हात जागीच थांबला. निहार ओशाळून खाली धावला, आजोबांना उचलून घ्यायला वाकला. कृष्णनाथाने मान हलवून नको म्हटले. त्याने चपला काढल्या, कठडा धरला आणि एकेक वाकडे पाऊल पायरीवर ठेवत तो वर येऊ लागला. पाहुण्यांनी घड्याळाकडे बघायचे सोडले. खुर्च्यांवरचे सगळे उठून उभे राहिले.

त्याने माझी दोरी सोडली, तिरंगा काढून काठीला लावला आणि काठीची दोरी ओढू लागला. झेंडा अर्ध्यावर गेला आणि कृष्णनाथाला धाप लागली. त्याचे हात थांबले. निहार पुढे झाला, पण सरपंचबाईंनी त्याचा दंड धरला. कृष्णनाथाने दोरी तळहाताला गुंडाळली, ओठ मिटले आणि पुन्हा ओढायला लागला. झेंडा काठीच्या टोकाला पोचला, तेव्हा माझ्या जुन्या कामट्यांतून वारा गेला की मीच सुस्कारा सोडला, ते मला सांगता येणार नाही.

निहारने खालून चपला आणल्या आणि गुडघे टेकून आजोबांच्या पायांत घातल्या.

मित्रांनो, तुमच्याही गावात असे कोणी असेल. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेला, सीमेवरून हात नाहीतर पाय गमावून आलेला. त्याच्या वस्तू जपा, त्यांना हार घाला, माझी काही तक्रार नाही. पण आमच्यासारख्यांना डोक्यावर घेऊन निघण्याआधी एकदा मागे वळून बघा. तो माणूस पायऱ्यांशी एकटा राहिला असेल, तर आधी त्याच्यापाशी जा. पेटारा थांबेल.