तिसऱ्या कडव्यातले नाव

बुधवार, १४ मार्च १९७९. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. आफ्रिकेतल्या सरोवराकाठच्या किसुमू शहरातील ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ओदेरो माग्वार तेच गाणे सहाव्यांदा गात होता, आणि सहाव्यांदा त्याचा आवाज तिसऱ्या कडव्यात बसला.

यंत्रावरच्या ओगाडाने टेप मागे फिरवली. मध्येच जोड देण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. चुकले की पहिल्या ओळीपासून.

वीस वर्षे गिटार गळ्यात अडकवून ओदेरोने गावोगावच्या मृतांची नावे गायली होती. सरोवरात बुडालेल्या अबुयावर गेल्या वर्षी त्याने गाणे करून तबकडी काढली आणि त्यात त्याला 'आदोंगोचा लेक' म्हटले. आदोंगो ही अबुयाच्या बापाची धाकटी बायको. जन्म दिला होता थोरलीने, आपोंदीने. आज तेच गाणे तिच्या नावाने पुन्हा मुद्रित करायचे होते, आणि ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती.

"लोक सवतीच्या दारात जाऊन रडतात," म्हातारी म्हणाली. "मी काय त्याला झाडावरून तोडून आणला होता?"

"चुकलो, आई."

"माझ्या हातची मासळी चापलीस तेव्हा नाव बरं ठाऊक होतं!"

ओगाडा हसला. "आई, परवा डॉक्टर याचा आवाजच कापून काढणार आहेत. याच्या भाच्याला गाऊ दे की."

"भाचा कशाला? यानं माझा लेक दुसरीला दिला. यानंच परत आणावा."

ओदेरोने कोमट पाण्याने चूळ भरली, ओठांवरचे रक्त रुमालाने टिपले आणि मान हलवली.

सातव्या वेळी तिसरे कडवे आले. 'अबुया, लेक...' इथवर शब्द निघाला. पुढे नुसती हवा. हात मात्र थांबला नाही. गळा गाईल ते तारेने पुन्हा म्हणायचे, ही तिथल्या गायकांची रीतच होती. राहिलेले नाव त्याने तारेवर स्वच्छ वाजवले आणि गाणे शेवटास नेले.

टेप ऐकून आपोंदीने विचारले, "माझं नाव कुठाय?"

"तारेनं घेतलं," तो कुजबुजला.

म्हातारीने बोटांवर अक्षरे मोजली. आ-पों-दी. मग आ-दों-गो.

"तुझी तार तिचंही नाव अस्संच घेते, बाळा."

तिने क्षणभर त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती बाहेर पडली. ओदेरो आठव्यांदा माइकसमोर उभा राहिला. ओगाडाने यंत्र सुरू केले, थोडा वेळ वाट पाहिली, बंद केले.

आदोंगोच्या नावाच्या आठशे तबकड्या विकल्या गेल्या होत्या. आपोंदीच्या नावाची एकही निघाली नाही.